नायक की नाईक? झेलममध्ये बदललेली ट्रंक (आणि तुमच्याही फौजी दोस्त्या)

डिचोलीचा नाईक

नमस्कार मंडळी. चवथ जवळ आली म्हणून घरात साफसफाई चालू आहे. माटोळीचं (गणपतीच्या वर बांधतो त्या फळा-पानांच्या छताचं) सामान काढायला सून माळ्यावर चढली आणि काळी पत्र्याची ट्रंक खाली ओढून म्हणाली, "बाबा, ह्यावर 'नायक एस.' लिहिलंय. पेंटरने तुमचं आडनाव चुकवलं काय?"

पेंटरने काही चुकवलेलं नाही. ती ट्रंक माझी नाहीच. पण ते सांगायला बसलो तर माळा तसाच राहील, म्हणून सुनेला सांगितलं नाही. इथे लिहितो.

जुलै १९८८. मी मराठा लाइट इन्फंट्रीत सिपाही, नोकरी चार वर्षांची. पलटण तेव्हा राजौरीकडे. दोन महिन्यांची सुट्टी संपवून परत निघालो होतो. आताची पोरं सकाळी विमानात बसतात आणि संध्याकाळी जम्मूत चहा पितात. तेव्हा कोकण रेल्वेसुद्धा नव्हती. मडगावला मीटरगेजची गाडी धरायची, कुळे, कॅसलरॉक, लोंढा, बेळगाव करत मिरजेला उतरायचं. तिथे सामान डोक्यावर घेऊन ब्रॉडगेजच्या फलाटाकडे पळायचं, महालक्ष्मीने पहाटे पुणं गाठायचं आणि मग झेलम. झेलममध्ये दोन रात्री. जम्मूतावीला उतरल्यावर कुठला वार आहे हे दुसऱ्याला विचारावं लागायचं.

ट्रंकेत काय होतं ते सांगतो, कारण पुढची सगळी भानगड त्यावरच आहे. वर्दी, बूट, आईने दिलेले खाजे, फणसाचे पापड, सोलं, सुकी सुंगटं (म्हणजे कोळंबी), आणि आईच्या नकळत भावाने टॉवेलात गुंडाळून खुपसलेली काजू फेणीची बाटली. "पलटणीतल्या दोस्तांक," म्हणाला. म्हापशाच्या पेंटरकडून ट्रंकेवर पांढऱ्या अक्षरात 'एस. नाईक' लिहून घेतलं होतं.

कुळ्याला गाडीच्या मागे इंजिनं जोडली आणि आम्ही घाट चढायला लागलो. पाऊस असा की खिडकीची झडप लावली तरी मांडीवर पाणी. दूधसागरच्या थोडं अलीकडे गाडी थांबली ती थांबलीच. दिवेलागण झाली. गार्ड कंदील घेऊन रुळाच्या कडेने चालत आला आणि डब्याडब्यात सांगत गेला, पुढे दरड आलीय, गँग येते आहे, कुणी खाली उतरू नका.

खाली उतरू नका म्हटल्यावर फौजी उतरणारच. सुट्टीवरून परतणारे आम्ही आठेकजण वेगवेगळ्या डब्यांतून उतरलो. कुणी कुणाला ओळखत नव्हतं. सुट्टीपेक्षा एक दिवस जास्त झाला तर काय होतं हे मात्र सगळ्यांना माहीत होतं. गँगवाल्यांकडे फावडी कमी, घमेली बरी होती. मग रांग लावली. एका पेट्रोमॅक्सच्या उजेडात चिखल-दगडांची घमेली हातोहात. सगळ्यांच्या डोक्यावर रेनकोटाच्या टोप्या, तोंड कुणाचं दिसत नव्हतं. माझ्या डाव्या हाताला जो होता तो घमेलं घेताना म्हणायचा "ज्ञानोबा" आणि माझ्या हातात देताना म्हणायचा "तुकाराम". रात्रभर. ज्ञानोबा, तुकाराम, ज्ञानोबा, तुकाराम. एकदा माझ्या हातून घमेलं निसटलं तर म्हणाला, "आरं धर की लेका. तुझ्या बाऽचा चिखल हाय व्हय?"

पहाटे वाट मोकळी झाली. जो तो आपापल्या डब्यात पळाला. माझ्या डब्यात पोरं भुकेने रडत होती. ट्रंक उघडून खाजे वाटून टाकले.

मिरजेला पोचलो तेव्हा महालक्ष्मी केव्हाच गेलेली. पुण्याकडची दुसरी गाडी समोर सुटायच्या बेतात. फलाटावर पाऊस, हमाल, काळ्या ट्रंकांचा ढीग. दिसलं 'ना-य-क-एस' असं काहीतरी पांढरं, उचललं आणि पळालो.

दुसऱ्या दिवशी झेलम दौंड सोडून पुढे गेल्यावर ट्रंक उघडली.

वीज गेलीय. उरलेलं रात्री लिहितो.

घाटवेडा

नाईककाका, हे काय! ऐन वेळी वीज जाते ती फक्त कथा लिहिणाऱ्यांच्या घरची.

तुम्ही येईपर्यंत थोडी रेल्वेगिरी करतो. हा घाट म्हणजे ब्रागांझा घाट. चढ १:३७, म्हणजे दर ३७ मीटरला गाडी १ मीटर वर जाते. रेल्वेच्या हिशेबात हा चढ जिन्यासारखाच. म्हणून कुळ्याला मागून बँकर इंजिनं लावावी लागतात, आजही लावतात. मुरगाव बंदर ते कॅसलरॉक ही लाइन पोर्तुगीज काळात झाली, १८८८ साली सुरू झाली. म्हणजे काकांनी चिखल उपसला तेव्हा तिला बरोबर १०० वर्षं होत होती. वाढदिवसाला चिखल!

मिरजेचं म्हणाल तर एके काळी तिथे ब्रॉडगेज, मीटरगेज आणि कुर्डूवाडी-लातूरकडची नॅरोगेज, तिन्ही होत्या. मिरज म्हणजेच गाडी बदलणं. नव्वदच्या दशकात आपल्याकडे ब्रॉडगेज आलं आणि ती पळापळ संपली. पुढे २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली आणि मुंबईला जाणारे गोवेकर मिरज विसरले.

वाळवंटीकाठ

खाजे वाटून टाकले?! फेणी ठेवली आणि खाजे वाटले? काका, प्राधान्यक्रम अगदी योग्य.

सुरंगी

मी पेडण्याची. माझे मिस्टर तोफखान्यात होते. ट्रंकेचं नाव काढलंत आणि मला आमच्या चार ट्रंका आठवल्या. दर पोस्टिंगला जुन्या अक्षरांवर नवा पत्ता रंगवायचा. शेवटी शेवटी रंगाचा थर पत्र्यापेक्षा जाड झाला होता.

माझी आठवण १९९६ ची. मिस्टर पठाणकोटला, त्यांना क्वार्टर मिळालं म्हणून मी दोन पोरांना घेऊन एकटीच निघाले. धाकटी दीड वर्षाची. आधी बसने पुणं, तिथून झेलम. हिंदी माझं तेव्हा टीव्हीवरच्या मालिकांपुरतं. दुसऱ्या दिवशी दुपारी दूध संपलं. स्टेशनवरचं दूध पाजलं तर पोरीला उलट्या सुरू झाल्या.

रात्री दीडच्या सुमाराला भोपाळ आलं. गाडी चारेक तास उशिरा. मी अर्धवट झोपेत, आणि खिडकीवर कुणीतरी टकटक केलं. बाहेर मफलर गुंडाळलेला माणूस. म्हणाला, "भाभीजी, देशपांडे सर की फॅमिली?" आमचं आडनाव देशपांडे नाही. तो पुढच्या खिडकीकडे गेला, मग परत आला. त्याच्या हातातल्या कागदावर डबा नंबर आणि सीट नंबर आमचाच होता, आडनाव फोनवर ऐकताना चुकलं होतं. मिस्टरांचा कुणी कोर्समेट भोपाळला होता, त्याला मिलिटरी एक्स्चेंजवरून निरोप गेला होता. तो स्वतः ड्युटीवर, म्हणून त्याने ह्याला पाठवलं. थर्मासमध्ये उकळलेलं दूध, पुऱ्या, बटाट्याची कोरडी भाजी, आणि एका जुन्या बाटलीत ओव्याचं पाणी. चार तास तो फलाटावर उभा होता. गाडी पाच-सात मिनिटं थांबली. थर्मास परत द्यायचा कुठे, हे विचारेपर्यंत गाडी हलली. तो डब्याबरोबर चालत म्हणाला, "रख लीजिए, घूमता रहेगा."

आणि खरंच फिरला. पुढे पठाणकोटहून निघालेल्या दुसऱ्या एका कुटुंबाबरोबर मी तोच थर्मास दूध भरून दिला. आता कुठे असेल देव जाणे.

घाटवेडा

सुरंगीताई, "घूमता रहेगा" वाचून थोडा वेळ काही सुचलं नाही.

परखड पर्रा

सगळं छान चाललंय, पण एक दुसरी बाजू मांडतो, रागावू नका. १९९४ ला मी परीक्षेसाठी दिल्लीला झेलमने गेलो. रिझर्व्हेशन होतं. माझ्या बर्थवर तीन जवान आणि खाली सहा ट्रंका. "आगे जाओ" म्हणाले. मी दिल्लीपर्यंत दाराशी बसून गेलो. फौजी दोस्ती वगैरे आत, बाहेरच्याला दार बंद.

डिचोलीचा नाईक

वीज आली.

परखडबाब, तुमचं खरं आहे. असं होत होतं आणि ते चूकच होतं. सबब म्हणून नाही, पण कारण सांगतो. आमची सुट्टी आठवडाभर आधी मंजूर झाली तर नशीब. वॉरंट, म्हणजे सरकारी खर्चाने तिकीट घ्यायचा कागद, हातात पडतं, रिझर्व्हेशन नसतं, मिलिटरीचा डबा भरलेला असतो. वर्षाला ६० दिवस सुट्टी, त्यातले दिवस गाडीत खर्ची पडतात. मग माणूस जिथे जागा दिसेल तिथे ट्रंक टाकतो आणि दहाजण एकत्र असले की आवाज वाढतो. मीसुद्धा एकदा एका मास्तरांना उठवलं होतं. त्यांनी काही न बोलता जागा दिली आणि नंतर मला अर्धी भाकरी दिली. ती भाकरी अजून घशात आहे.

आता पुढचं.

ट्रंक उघडली तेव्हा आधी वास आला. तुळशीचा, चंदनाचा, कपड्यांत कुठेतरी देऊळ असल्यासारखा. वरच पांढरे बनियन घडी करून ठेवलेले आणि सगळ्यांवर काळे डाग. बुक्क्याची पुडी फुटली होती. आषाढी नुकतीच झालेली. खाली हरिपाठाची पोथी, इनलँड लेटरचा गठ्ठा, लाकडी पट्टीवर बसवलेली मोर्सची की आणि सिग्नलवाल्यांची वर्दी. झाकणावर बघितलं तर 'नायक एस.' आणि पुढचं नाव खरवडून गेलेलं.

म्हणजे तो हुद्द्याने नायक आणि मी आडनावाने नाईक. किल्ली मात्र लागली. त्या काळच्या स्वस्त कुलपांना शेजाऱ्याची किल्लीही लागायची.

मला घाम फुटला. माझी वर्दी, बूट, सगळं त्याच्याकडे. तो मुंबईला गेला असेल, सिकंदराबादला गेला असेल, कुठेही. साध्या कपड्यांत पलटणीत हजर झालो तर हवालदार मेजर काय करेल ह्याचा विचार करत मनमाड गेलं, भुसावळ गेलं. पत्रं उघडून पत्ता बघावा असं दोनदा वाटलं. गठ्ठा हातात घेतला आणि परत ठेवला.

इटारसी आलं रात्री. बाटली भरायला खाली उतरलो. नळाशी ही गर्दी. आणि त्या गर्दीच्या पलीकडून, एका डब्याच्या खिडकीपाशी, आवाज आला. "ज्ञानोबा." थोड्या वेळाने "तुकाराम." एकजण नळावरून भरलेल्या बाटल्या घेऊन खिडकीतून आत देत होता. घेताना ज्ञानोबा, देताना तुकाराम.

मी धावत जाऊन त्याचा हात धरला. म्हटलं, "परवा रात्री दूधसागरला चिखल—" पुढे बोलू दिलं नाही. माझ्या तोंडाकडे बघितलं, माझ्या बनियनवर बुक्क्याचा डाग बघितला आणि म्हणाला,

"तूच काय रं तो फेणीवाला?"

तर मंडळी, हा आमचा आबा. गडहिंग्लजकडचा. पणजीच्या सिग्नल ट्रेनिंग सेंटरमधून पोस्टिंगवर जम्मूकडेच निघालेला. गळ्यात तुळशीची माळ, कांदासुद्धा न खाणारा. आणि त्याच्या डोक्यावरच्या फळीवर माझी ट्रंक. मिरजेच्या धावपळीत बाटली फुटलेली, फेणी सुंगटांत मुरलेली, आणि दौंडपासून जुलैची उष्णता. फेणीत भिजलेल्या सुक्या सुंगटांचा वास ज्यांनी घेतलेला नाही त्यांना समजावून सांगणं शक्य नाही. एका सुभेदार साहेबांनी त्याला बाजूला घेऊन प्रेमाने समजावलं होतं म्हणे, "बेटा, माला उतार के पिया कर."

इटारसी ते जम्मू आम्ही एका बर्थवर पायाला डोकं लावून झोपलो.

वाळवंटीकाठ

"माला उतार के पिया कर" 😂 ऑफिसात मोठ्याने हसलो, साहेब बघतायत.

बाकी फेणीतली सुंगटं ही पाककृती म्हणून वाईट वाटत नाही.

फोंडेकर शाल्मली

काय सुरेख धागा आहे. आमच्या घरात फौजी कुणी नाही, पण आजी एक सांगायची. डिसेंबर १९६१ ला भारतीय सैन्य फोंड्यात आलं, त्यात २ पॅरा ही मराठा पलटण होती. लोक घराची दारं किलकिली करून बघत होते. आजीला भीती होती ती परक्या भाषेच्या सैनिकांची. तर एकाने अंगणाबाहेरूनच हाक मारली, "आई, वाईच पानी मिळंल का?" आजी म्हणायची, पोर्तुगीज गेले हे मला रेडिओवरून नाही, त्या "वाईच" वरून कळलं.

विषय थोडा बाजूला गेला, क्षमस्व.

घाटवेडा

बाजूला कसला, नेमका आहे. आणि रेल्वेशी जोडूनच देतो: १९५५ च्या नाकेबंदीत कॅसलरॉकची ही वाहतूक बंद पडली होती. मुक्तीनंतर ती परत सुरू झाली. तोवर काकांच्या वयाच्या पोराला डिचोलीहून बेळगावला भरतीला जायचं तर सरहद्द आडवी होती.

(दुपदरीकरणाचा विषय कुणी काढू नका, त्याचा वेगळा धागा आहे आणि तिथे आधीच मारामारी चालू आहे.)

सुरंगी

पण नाईकभाऊ, ट्रंक? इटारसीला दोघं भेटलात तर आपापली ट्रंक आपापल्याकडे जायला हवी. तुमच्या माळ्यावर त्याची कशी?

डिचोलीचा नाईक

ताई, तुमच्या मिस्टरांनी घरात काही लपवलं नसणार, तुमच्या नजरेतून सुटतच नाही.

जम्मूच्या ट्रान्झिट कॅम्पला पोचलो. नोंद करणारा हवालदार आमच्याजवळ आला आणि नाक वर करून थांबला. "कौन पिया है?" आबा म्हणाला, "साब, हमने नहीं पिया. पेटी ने पिया." हवालदार हसला आणि त्याने सोडून दिलं. पण मला माहीत होतं, पलटणीत असं कुणी हसणार नाही. आमचा सुभेदार ट्रंक उघडून तपासायचा. चार वर्षांचा सिपाही, ट्रंकेत दारू, वर्दीला वास.

रात्री बराकीत आम्ही सामान बदलायला बसलो. माझी वर्दी त्याने आधीच ट्रेनमध्ये साबणाने धुऊन खिडकीला वाळत घातली होती, दुसऱ्याची आहे हे माहीत असून. बूट पुसलेले. सगळं मला दिलं. मी माझी ट्रंक ओढली तर त्याने पाय ठेवला.

म्हणाला, "ही ऱ्हाऊ दे. तू माझी ने."

मी म्हटलं, आबा, वास पत्र्यात बसलाय, तुझी पोथी आहे.

"पोथीला पिशवी हाय. मला कोन इचारनार? माळ बघत्याल अन् सोडत्याल. तुझी कातडी लोळवत्याल."

पहाटे चारला त्यांचा कॉनव्हॉय आधी निघाला. 'एस. नाईक' लिहिलेली ट्रंक खांद्यावर घेऊन तो अंधारात गाडीत चढला. चढताना "ज्ञानोबा" म्हणाला. तुकाराम मीच म्हटलं.

पुढे पत्रं सुरू झाली. तो सिग्नलमध्ये, त्यामुळे मी कुठेही असलो तरी दोन-तीन महिन्यांनी एक्स्चेंजवरून फोन यायचा, "एस. नाईक का ट्रंक बोल रहा है." माझ्या लग्नाला तो आला, त्याच्या पोरीच्या लग्नाला मी गेलो. त्या लग्नात वहिनींनी सहज बोलता बोलता सांगितलं की माळ बघून कुणी सोडलं नव्हतं. नव्या युनिटात पहिल्याच तपासणीत ट्रंक उघडली गेली. साहेबांसमोर पेशी झाली, "कुणाची आहे?" विचारलं, आणि हा म्हणाला माझीच. ट्रंकेवर दुसऱ्याचं नाव असताना! महिनाभर जादा गार्ड ड्युटी, डोंगरावर, रात्रीची. सतरा वर्षं त्याने मला हे सांगितलं नाही. मी तिथल्या तिथे विचारलं तर म्हणाला, "रात्रीची गार्ड बरी असती. हरिपाठ निवांत हुतोय."

परखड पर्रा

माझी वरची तक्रार मागे घेत नाही. पण ह्या आबांना माझा नमस्कार सांगा.

वाळवंटीकाठ

आणि ती दुसरी ट्रंक? 'एस. नाईक' वाली? आहे का अजून?

डिचोलीचा नाईक

हा प्रश्न वाचून आत्ताच फोन केला.

आहे. गोठ्यात आहे, पेंड ठेवतो त्यात. तळ गंजला म्हणून खाली फळी ठोकलीय. म्हणतो, पावसाळी हवेत झाकण उघडलं की अजून वास येतो आणि म्हैस त्या दिवशी दूध जास्त देते. थापा मारायची सवय त्याला रिटायर झाल्यावर लागलीय.

परखडबाबांचा नमस्कार सांगितला. "कोन हाय त्यो? त्याला म्हनावं म्हशीचं दूध प्यायला ये," म्हणाला.

चवथीला सहकुटुंब येतो आहे. गोवा एक्स्प्रेसने, मुद्दाम घाटातून. कुळ्याला उतरवून घ्यायला मी जाणार. सुनेला सांगितलंय, ट्रंक परत माळ्यावर चढवू नको, बाहेरच्या खोलीत ठेव, माटोळीचं सामान दुसरीकडे.